मैदानावर द्राक्षाचा ब्लोअर

हे कुणालाच खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. माझी ख्यातीच तशी आहे. गोदावरीला मोठा पूर आला होता, तेव्हा नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीनं मला हाक मारून विचारलं होतं, “सावळीराम, पाणी कुठवर आलं रे? मला मान खाली घालता येत नाही.” तेही कुणाला पटलं नव्हतं. जाऊ द्या. पण भर एप्रिलात, आभाळात ढगाचं बोट नसताना, आमच्या हॉकीच्या मैदानावर निळा पाऊस पडला आणि त्या पावसात दोन माणसं एकमेकांना सापडली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पाहणारच. पाऊस मीच बोलावला होता.

मी त्या मैदानाचा राखणदार. फाटक उघडायचं, मुलींच्या सायकलींवर नजर ठेवायची, आणि चेंडू कुंपणापलीकडच्या गवतात गेला की शिव्या न देता शोधून आणायचा. मैदान म्हणजे माती नव्हे बरं का! प्लॅस्टिकचं निळं गवत. त्याला टर्फ म्हणतात. त्याची खोड अशी, की ओलं असलं तर चेंडू शहाण्यासारखा सरपटत जातो; कोरडं पडलं की तोच चेंडू करडासारखा उड्या मारतो, आणि पडणाऱ्या पोरीच्या गुडघ्याचं साल निघतं. म्हणून खेळण्याआधी रोज पाणी मारायचं. त्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याच्या तोफा बसवलेल्या आहेत.

त्या वर्षी एप्रिल लागला आणि तोफांची मोटर जळाली. तिचा सुटा भाग कुठून तरी लांबून यायचा होता. तो रोज येत होता आणि पोचत नव्हता.

एरवी मी म्हटलं असतं, चार दिवस मुली पळतील नुसत्या. पण योगिनी आली होती ना खेळायला.

योगिनी भोर, घोटीची. वडिलांची तिकडं भाताची गिरणी. लहानपणी भात कापून रिकाम्या झालेल्या खाचरात बांबूची वाकडी काठी घेऊन ही खेळायची. धसकटांवरून चेंडू कुठंही उडायचा, म्हणून पार जमिनीला नाक लावून उभी राहायला शिकली. तशीच वाकून पुढं शाळेच्या संघात उभी राहिली, मग रेल्वेच्या, मग भारताच्या. जपान, हॉलंड, ऑस्ट्रेलिया, जिथं आपला संघ गेला तिथं मागच्या फळीत ही. मागच्या फळीचं नशीब कसं असतं, ते सांगतो. गोल मारणारीचा फोटो पेपरात येतो. जिच्यामुळं गोल झाला नाही, तिचा कशाचा फोटो काढणार? योगिनीचा आला तर कुणाच्या तरी खांद्यामागं, अर्धा.

पेनल्टी कॉर्नर लागला की समोरून चेंडू गोफणीतून सुटल्यासारखा येतो, आणि त्या वेळी बचावातली एक मुलगी अंगावर येणाऱ्या चेंडूकडं सरळ धावत सुटते. बाकीचं जग अशा वेळी उलट्या दिशेला पळतं. ती धावणारी मुलगी म्हणजे योगिनी. तिच्या उजव्या हाताची करंगळी त्यामुळं कायमची वाकडी आहे आणि हनुवटीवर एक व्रण आहे. हसली की तो व्रणही हसतो.

मागच्या वर्षी एका सामन्यात तिचा गुडघा फिरला. ऑपरेशन झालं, संघातलं नाव गेलं. इथंच इंदिरानगरला आत्याकडं राहून ती पुन्हा उभी राहत होती. जूनमध्ये बंगळुरूला राष्ट्रीय शिबिर होतं. बोलावणं आलं तर पुन्हा भारताची जर्सी. नाही आलं तर... ते ती बोलायची नाही. आमच्या उज्वला मॅडम, म्हणजे मैदानावरच्या कोच, मला एवढंच म्हणाल्या, “आबा, कोरड्या टर्फवर तिचा गुडघा मी देणार नाही. पाणी कुठूनही आणा.”

म्हणून मी भाच्याला फोन लावला.

रविराज माझ्या धाकट्या बहिणीचा, मालनबाईचा मुलगा. मखमलाबादला त्यांची द्राक्षबाग. बागेत फवारणीचा ब्लोअर असतो. ट्रॅक्टरमागं मोठी टाकी, टाकीमागं मोठा पंखा, आणि चालू केला की वेलींवर धुकं सुटतं. मी म्हटलं, “टाकीत साधं पाणी भर आणि ये. सगळं मैदान नको, नुसता डी ओला करून दे.” डी म्हणजे गोलसमोरचं अर्धगोल अंगण. बचाववाल्यांचा सगळा संसार तिथंच.

आला. टर्फवर चाक घालू दिलं नाही मॅडमनी, म्हणून गोलमागच्या सिमेंटच्या पट्टीवर ट्रॅक्टर उभा केला आणि पंखा सुरू केला. काय सांगू! सकाळचं ऊन तिरपं होतं. धुक्याचा एक पडदा वर गेला, आणि हळूच डीवर उतरला. मुली ओरडत त्यात शिरल्या. योगिनी सगळ्यांत शेवटी आली. काठी खांद्यावर, मान वर, डोळे मिटलेले... नुसती उभी राहिली. वर्षभरात ती अशी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती.

रविराजही बघत होता. पंखा बंद करायचं त्याला सुचलं नाही.

मग ती खाली बघायला गेली आणि किंचाळली. पांढरेशुभ्र मोजे निळे झाले होते! चेंडू निळा, मुलींच्या कपाळाचे थेंब निळे, मॅडमची टोपी निळी.

“बंद करा! अहो, बंद करा ते!” ती तडक ट्रॅक्टरपाशी आली. “काय मारलंत तुम्ही आमच्यावर?”

“पाणी,” रविराज म्हणाला.

“निळं?”

त्यानं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग तिच्याकडं पाहिलं. मग पुन्हा आत. “मोरचूद असंल. छाटणी झाल्यावर बागेला मारलं होतं... टाकी धुवायची राह्यली.”

“विषारी असतं का?”

“बुरशीचं औषध हाय. धुवून टाका, काही होत नाय. उलट आता तुम्हाला डाऊनी रोग येणार नाय.”

“मला याआधी कधी आला होता?”

“तसं नाय म्हनत मी...”

“करपा? भुरी?” बाई गं, घोटीच्या पोरीला द्राक्षाचे सगळे रोग माहीत! “नीट बघा. पानं पिवळी दिसतायत का माझी?”

रविराजनं खरंच नीट पाहिलं. एवढं नीट पाहिलं, की तिनंच मान वळवली.

“नाय,” तो म्हणाला. “बहार चांगला हाय.”

आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याचे कान असे लाल झाले, की मी तिथं बिडी टेकवली असती तर पेटली असती.

दुसऱ्या दिवशी तो टाकी घासून घासून धुवून आला. मी सगळ्यांसमोर त्यातलं पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. तेव्हापासून माझ्या अंगाला बुरशी म्हणून नाही. येताना त्यानं मोज्यांचा गठ्ठाही आणला होता. पांढरे खरे, पण पहिलीतल्या पोरांच्या मापाचे. योगिनीनं एक जोडी उचलून हाताच्या बोटांत घातली आणि दिवसभर तशीच वावरली.

पुढं एकदा त्याच्या टाकीत द्राक्षाचे मणी लांब करायचं औषधही थोडं राहिलं होतं. त्या फवाऱ्यानंतर आमची सगळ्यांत बुटकी पोर, तेजल, उन्हाळ्यात वीतभर वाढली.

“काहीपण, आबा! मी सातवीत गेले म्हणून वाढले,” असं तेजल म्हणते. तिला काय कळतंय?

तर रोजचं सुरू झालं. उजाडलं की ट्रॅक्टरचा आवाज. पंधरा मिनिटांचं काम. पण रविराज टाकी भरण्यात, नळी गुंडाळण्यात, पंख्याची जाळी पुसण्यात सकाळ काढायचा. योगिनी सगळ्या मुलींच्या आधी यायची. धुकं उतरताना त्यात एक इंद्रधनुष्य पडायचं, डीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती त्याच्या खाली बसून गुडघ्याला पट्टी बांधायची. तो पंख्याचा कोन बदलायचा. का, तर इंद्रधनुष्य बरोबर तिच्यावर यावं म्हणून. मला म्हणायचा, “वाऱ्याचा अंदाज घेतोय मामा.”

वारा! एप्रिलात! पान हलत नव्हतं.

बोलणं फार नव्हतं. तो जाताना बाकावर बेदाण्यांची पुडी ठेवून जायचा. ती खेळून आली की खायची आणि रिकामी पुडी घडी घालून बाकाच्या फटीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी तो ती काढून खिशात घालायचा. कागदाचं एवढं कौतुक मी पाहिलं नाही.

एक दिवस मॅडमना सरावासाठी समोरून चेंडू घेऊन येणारं कुणीतरी हवं होतं. मुली दमून पाय पसरून बसलेल्या. योगिनीनं एक काठी उचलली आणि ट्रॅक्टरकडं गेली.

“धर.”

“मला नाय येत.”

“मला कुठं ब्लोअर येतो? तरी रोज भिजते ना.”

त्या दिवसापासून ती त्याला अरेतुरे करायला लागली. तो मात्र ‘तुम्ही’वरून हलला नाही.

चपला काढून रविराज डीत शिरला. काठी अशी धरली होती, जशी बागेत टिकाव धरतात. चेंडू घेऊन निघाला. योगिनी समोर आली, गुडघ्यात वाकून, काठी जमिनीला टेकवून. त्यानं डावीकडं नेला, ती डावीकडं सरकली. त्यानं उजवीकडं वळवला, ती उजवीकडं. ना अंगावर गेली, ना चेंडूला हात लावला. नुसती समोर. थोडी तिरपी. डोळे चेंडूवर. त्याचे डोळे कुठं होते ते सांगायला नकोच. असं करत करत पावलापावलानं तिनं त्याला कडेला नेलं, आणि एकदम उभी राहून हसली.

“चेंडू घेतलाच नाय तुम्ही!” तो धापा टाकत म्हणाला.

“कशाला घेऊ? तू कुठं उभा आहेस बघ.”

त्यानं मागं पाहिलं. त्याची पाठ ट्रॅक्टरला लागली होती.

“माझ्या ट्रॅक्टरपाशी.”

“घरी सोडून आले तुला.”

मुली खिदळल्या. तो घाम पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, “पण मग तुम्ही चेंडू घेता कधी?”

“समोरचा घाई करतो तेव्हा. मी वाट बघते. कधीतरी तो घाई करतोच.”

“आणि नाय केली तर?”

योगिनीच्या बटेवरून एक थेंब निघाला, हनुवटीवरच्या व्रणापाशी थांबला. ती उत्तर द्यायला निघाली होती, आणि... थांबली.

“तर मग पंचाईत आहे,” ती म्हणाली.

मी तिकडं पाठ करून फाटकाला तेल घालायला लागलो. फाटक काही कुरकुरत नव्हतं.

मे महिन्यात ती एकदा बाग बघायला गेली. मीच घेऊन गेलो. नाहीतर दोघं आणखी एक वर्ष एकमेकांना पाणी आणि बेदाणेच देत बसले असते. छाटणीनंतर मांडवावर नवी पोपटी फूट धावत होती. खाली गार सावली. रविराज एकेका काडीचा शेंडा नखानं खुडत चालला होता.

“चांगली वाढतेय, तोडतोस कशाला?” तिनं विचारलं.

“तशीच सोडली तर नुसती लांबत जाती. शेंडा खुडला की थांबती. आणि थांबली की आतून भरती. फळ यायचं ते त्या थांबलेल्या काडीवर.”

ती काही वेळ त्याच्या बोटांकडं बघत राहिली. “मी पण वर्षभर थांबलेय,” ती म्हणाली.

“दिसतंय,” तो म्हणाला. “भरलीय आतून.”

एवढंच. पण त्यानंतर मांडवाच्या टोकापर्यंत दोघं चालत गेले, आणि ती गुडघ्याकडं न बघता चालली. तेवढं माझ्या लक्षात आलं.

घराच्या ओट्यावर आमच्या मालनबाईनं चहा दिला आणि सुरू केलं, “सैपाक येतो का गं तुला?”

“भात येतो. घोटीची आहे मी.”

“आन् भाजी?”

“भाजी तुम्ही करा मावशी, मी पाटाला पाट लावून जेवीन.”

मालनबाई अशी हसली, की बशीतला चहा सांडला. योगिनी हात धुवायला गेली तशी बहिणीनं मला कोपऱ्यात ओढलं. “पोर ग्वाड हाय रं दादा. पन माझ्या पोराला सांग, आस लावून घेऊ नको. लय ठिकानी जाऊन आलो आम्ही. समद्या म्हनत्यात, मुलगा चांगला हाय, घर चांगलं हाय, पन शेतकरी नको. अन् ही तर इमानानं फिरनारी!”

मग मेअखेर दोन गोष्टी एकदमच आल्या. बंगळुरूचं बोलावणं आलं. मुलींनी योगिनीला खांद्यावर घेऊन मैदानभर फिरवलं. आणि घोटीहून वडिलांचा फोन आला. पुण्याचं एक स्थळ होतं. ती शिबिराला जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवायचं होतं.

त्या मुलाचं काहीतरी वाईट कळावं म्हणून मी खूप खटपट केली. काही मिळेना! कंपनीत नोकरी, स्वतःचं घर, खेळाची आवड. लग्नानंतर खुशाल खेळ म्हणणारा. असलं निर्दोष स्थळ म्हणजे छळच. योगिनी वडिलांना म्हणाली होती, “दुसरं कुणी काही विचारलेलं नाही, बाबा. विचार करते.”

हे मला तिच्या आत्याकडून कळलं. मी ते उचलून तसंच रविराजकडं नेलं. तो टाकी धूत होता.

“अरे, ‘दुसरं कुणी विचारलं नाही’ म्हणाली ती. कळतंय का तुला?”

“कळतंय.”

“मग विचार की!”

“नको मामा.” त्यानं नळी खाली ठेवली. “एवढ्या जणींनी नाय म्हटलं, त्याचं काही वाटलं नाय मला. हिनं म्हटलेलं वाटंल. आणि समजा, हिला नाय म्हणवलं नाय... तर? तिकडं चेंडू अंगावर येत असताना डोक्यात माझी बाग नको. मोकळी जाऊ द्या तिला.”

काय करावं या पोराचं? आणि ती तिकडं? गोळीसारख्या चेंडूवर धावून जाणारी मुलगी, पण इथं मात्र वाकून, काठी टेकवून, वाट बघत उभी. त्यानं घाई करायची होती. आणि तो तर द्राक्षवाला, बहार येईपर्यंत थांबणारा! दोघांचाही धीर असा, की बघणाऱ्याचा जीव जावा.

तो शेवटचा दिवस उजाडला. दुपार कलल्यावर मुलींनी मैदानावरच तिला निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. शेवचिवडा, केळी आणि कोकम सरबत. मॅडमचं भाषण झालं. तेजलचं नाव नसतानाही तेजलचं भाषण झालं. सकाळीच तोफांची मोटर एकदाची सुरू झाली होती; म्हणजे उद्यापासून रविराजचंही काम संपलेलं. तरी तो आला होता. ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून, सरबताचा पेला हातात धरून, पीत नव्हता.

योगिनी पायरीवर बसली होती. पिशवीत फोन, आणि नजर सारखी पिशवीकडं. वडिलांचा फोन येणार होता.

मुली म्हणाल्या, “आबा, ताई चाललीय, एक थाप होऊन जाऊ द्या!”

आणि मला सुचलं. थापा मी जन्मभर मारल्या, पण हौसेनं. ही मी कामासाठी मारायची ठरवली. अशी मारायची, की त्या मुक्या पोराला ‘नाही’ म्हणून ओरडावंच लागेल. आणि एकदा तोंड उघडलं, की पुढचं आपोआप बाहेर येईल.

“थाप नाही पोरींनो, आज बातमी सांगतो,” मी म्हणालो. “तुमच्या रविराजदादाचं लग्न ठरलं.”

“काय?” सगळ्या एकदम.

“तर! गेल्या रविवारी आम्ही पिंपळगावला गेलो होतो मुलगी बघायला. मुलगी म्हणजे नुसतं सोनं. शेती आवडते, गाई आवडतात. हा तर बघताक्षणीच ‘हो’ म्हणाला. पेढे वाटले, सुपारी फोडली, दिवाळीनंतरची तारीख धरली.”

बोललो आणि भाच्याकडं पाहिलं. आता ओरडेल. आता पेला फेकेल.

रविराजनं माझ्याकडं पाहिलं. मग योगिनीकडं. तिचा हात केळ्याच्या सालीवर तसाच थांबला होता. त्याच्या तोंडाची उघडझाप झाली... आणि, माझ्या देवा, त्या गाढवानं मान डोलावली!

“होय,” तो म्हणाला. “ठरलंय.”

कळलं मला, का म्हणाला ते. तिला मोकळी सोडत होता. माझ्याच थापेची कुऱ्हाड करून स्वतःच्या पायावर घालत होता, आणि वर हसायचा प्रयत्न करत होता. मुली “पेढे कुठंयत, पेढे कुठंयत” करत त्याच्याभोवती जमल्या. आता ‘खोटं बोललो’ म्हटलं तर कोण विश्वास ठेवणार? मी तर नेहमीच खोटं बोलतो!

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला.

योगिनीनं तो बाहेर काढला. पडद्यावर ‘बाबा’ असं नाव. वाजत राहिला. तिनं अंगठा फिरवून त्याचा आवाज बंद केला, फोन पायरीवर पालथा ठेवला आणि उठली. डीतून चालत आली ती थेट ट्रॅक्टरपाशी. ना वाकलेली, ना तिरपी. सरळ.

“खोटं,” ती म्हणाली.

मुली बाजूला सरकल्या.

“आबा, तुम्ही खोटं बोलताय. आणि हा तुमच्यापेक्षा वाईट खोटं बोलतो. गेल्या रविवारी हा कुठल्याही पिंपळगावला गेला नव्हता. इथं होता.”

“पण ताई, रविवारी मैदान बंद असतं ना?” तेजलनं विचारलं.

“बंदच होतं. कुलूप होतं. हा बाहेरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर लावून कुंपणावरून पाणी मारत होता. आत चिटपाखरू नव्हतं. तरी अख्खा डी ओला केला यानं.”

रविराजच्या हातातला पेला कलला होता आणि सरबत त्याच्या पायावर सांडत होतं. त्याला ते कळत नव्हतं.

“तुला कसं माहीत पण?” तेजल काही सोडेना.

योगिनीनं तिच्याकडं पाहिलंच नाही. रविराजकडं पाहत होती. हनुवटीवरचा व्रण आधी हसला, मग ती.

“कारण मी पलीकडच्या फाटकाशी उभी होते,” ती म्हणाली. “रविवारी मैदान बंद असतं, हे मलाही माहीत होतं.”